तिगांनी चौथी म्हनलं

— व्हय, म्याच सगुणाबाई. मंग? कचेरीतला मानूस दिसला की आमी उठून हुबं ऱ्हायचं का काय? बसा त्या जोत्यावर. भात वाळत घातलंय तेवडं तुडवू नगा म्हंजी झालं. काय नाव म्हनलात — उपेंद्रराव? बरं, उपेंद्रराव, आता पुन्यांदा सांगा, नीट. कोन आलंय भोरात? मडम? आन् ती मला बोलावती? उतरोलीच्या सगुणाबाईला? ती चिठ्ठी दावू नगा, मला वाचता येत न्हाई, आन् ते तिला चांगलं ठावं हाय. ठावं असून चिठ्ठी धाडली — ह्याला म्हनायचं मोठ्या घरची रीत! लढाई सपली, इंग्रज आता गाशा गुंडाळनार म्हनत्यात, तवा जाता जाता समद्यांस्नी रामराम करत हिंडतीया जनू. अकरा वर्सांत कवा आटवन झाली न्हाई, ती आता झाली. — आजारी तर न्हाई ना ती? न्हाई ना? अंगानं बरी हाय? मंग झालं. आपलं इचारलं. न्हाई येत म्हनावं. भात उनाला टाकलंय, कोंबड्या टपल्यात, सगुणाबाईला येळ न्हाई. सपलं. — काय? अजून हाय? ऱ्हाऊ द्या, मागनं सांगा. आधी तुमी कुनाचा निरोप घिऊन आलायसा ते तरी ऐका.

ती मडम म्हंजी आमची मिशीबाबा. हसू नगा, हसायचं काय त्यात — बंगल्यात सायबाच्या पोरीला तसंच म्हनत्यात. तिला काय मिशा न्हवत्या. माज्या कडंवर आली तवा चार वर्सांची व्हती. माजा मालक धरनाच्या कामावर हिवतापानं गेला, पदरात चंद्री, दीड वर्साची. ह्या पोरीचा बाप तितला इंजनेर, आन् मडमेला पोर सांभाळायला बाई पायजे व्हती. म्या काय केलं? चंद्रीला नेली पासलीला, भावाच्या, कोंडिबाच्या वटीत टाकली, आन् दुसऱ्याची पोर कडंवर घेतली. पोट करायला लावतं, दुसरं काय. आन् ही पोर तरी कशी? आईकडं जायाची न्हाई. मराटी माज्याकडनं शिकली, ती बी हितली. आईला मराटीतला म कळत न्हाई, आन् पोर सायबांच्या पंगतीत बसून म्हनती, ‘आया, लई भूक लागलीया.’ पुन्याच्या बंगल्यात मडमा तोंडाला रुमाल लावायच्या. हसा म्हनलं. तुमच्या पोरी तुमाला वळकत तरी न्हाईत.

मंग सायबाला पेन्शन झाली, निगाले विलायतेला. पोरगी म्हनली, आया न्हाई तर म्या बी न्हाई. तीन दिस जेवली न्हाई. झालं, घेतलं मला संगं. जायाच्या आधी म्या पासलीला गेली. चंद्री नऊ वर्सांची, मला बगून चुलीमागं जाऊन बसली. म्या कोंडिबाला म्हनलं, ‘हे बग, हिचं लगीन माज्या सबदाबिगार ठरवायचं न्हाई. कोन मागनं घालाया आलं तर भोराला तारहापिसात जायाचं, मला तार करायची. म्या तारंनंच जाब दीन. आट दिस वाट बगायची.’ कोंडिबा म्हनला, ‘आन् आट दिसांत जाब न्हाई आला तर?’ म्या म्हनलं, ‘न्हाई आला तर समजायचं म्या हो म्हनलं.’ माज्याच तोंडानं म्हनलं. जाब येनार न्हाई असं हुईलच कसं, असं वाटलं व्हतं.

तर विलायत. तितं हिला नाद लागला बर्फाचा. तुमी शिकलेलं, पर तुमी बी बगितलं नसंल. गारा पडत्यात ना, तसल्या गारंची एक सबंद जिमीन. आन् बुटाच्या तळाला पातं — व्हय, लोखंडाचं, इळ्यावानी पाजळलेलं. त्या पात्यावर हुबं ऱ्हायचं, ते बी एका पायावर, आन् घसरायचं. ह्या लोकांचं डोस्कं बगा! देवानं चालाया जिमीन दिलीया ती सोडून घसरायची शाळा काढली, त्याला मास्तर नेमला. आमच्या पासलीला आवनीच्या दिसांत बाया डोक्यावर इरलं, काखंत रोपाच्या जुड्या घिऊन बोटभर बांधावरनं चालत्यात. घसरत न्हाईत. त्यास्नी कुनी नंबर दिलाय का? ह्यास्नी मातर घसरल्याबद्दल नंबर.

आन् नाचनं मागनं. आधी रेगा. काय तर म्हनं इंग्रजी आट काढायचा — दोन भाकरी एकमेकीला चिकटून ठेवल्यावानी. एका पायावर, पात्याच्या टोकानं. काढला? मंग त्याच रेगंवरनं पुन्यांदा. मंग तिसऱ्यांदा. रेग केसभर हलता कामा न्हाई. आता आमचा कोंडिबा नांगरतो तवा एका तासाला लागून दुसरं तास मारतो. त्याच तासातनं तीनदा नांगर फिरवला तर बायकू त्याला देवऋष्याकडं न्हील. हितं त्यालाच शाबासकी! पर सांगती तुमास्नी — आमची पोरगी अशी रेग काढायची, अशी, की वरनं मुंगी चालली तर मुंगीला वाट सापडावी. म्या कठड्याशी हुबी असायची ना. त्येच माजं काम. नऊवारी लुगडं, वरनं सायबाचा जुना कोट, पायात तीन-तीन मोजं. पोरगी बर्फावर उतरायच्या आदी मागं वळून बगायची — आया हाय का. मास्तरकडं न्हाई, आईकडं न्हाई. माज्याकडं. म्या मान हलवली की मंगच पाय टाकायची. येकदा मला ताप आला तर पोरगी दिवसभर आपटत ऱ्हायली, गुडगं फोडून घेतलं. तवापासनं मडम माज्या तब्येतीला जपायला लागली. माज्या! ढेकळाला शेंदूर लावल्यावानी.

शेजारच्या फुलाबाईला हे सांगितलं तर ती म्हनती, ‘सगुणा थापा मारती, पान्यावर कुनी नाचतं का?’ ही फुलाबाई जल्मात नसरापूरच्या पुढं गेली न्हाई. तिच्या म्होरं काय बोलायचं!

तर माघाचा म्हयना. शिजरलँडात सात देशांच्या पोरी जमा झाल्या. आमचं बिऱ्हाड हाटेलात. चौफेर डोंगर, आमच्या तोरन्याच्या डोक्यावर आनिक दोन तोरनं ठिवलं तर हुतील एवडं, आन् समदं पांढरं, जनू त्यास्नी बी कुनी रांडव करून बसवलंय. आठवडाभर आदी गेलो, सवय व्हावी म्हनून. आन् मंग दोन दिसांची शर्यत. पयल्या दिशी रेगा, दुसऱ्या दिशी बाजा लावून नाच. आन् पंच कोन? पाच बाप्ये. काळं डगलं, डोक्याला हॅटा. पोरगी आट काढून बाजूला झाली की पाची जन त्या रेगंपाशी जायाचे, गुडगं टेकायचे, बर्फाला नाक लावायचे. नथ पडलीया का काय तुमच्या आयेची? एक म्हातारा तर वाकला तो उठंचना, दोगांनी काखंत धरून वर काढला. हे न्याय देनार! असल्या पंचांस्नी आमच्यात कुनी मेंढी राखाया देनार न्हाई.

आता निकाल ऐका, तुमी कारकून हाय, तुमास्नी बेरीज कळती. पयली आन् दुसरी, त्या सरळ व्हत्या, त्यांचं काय म्हननं न्हाई. पेच पडला तिसरीचा. आमच्या पोरीला दोगा पंचांनी म्हनलं दुसरी. दुसरी! आन् ऱ्हायलेल्या तिगांनी म्हनलं चौथी. ती दुसरी पोरगी व्हती, निळ्या झग्यातली, हाडकुळी — तिला तिगांनी म्हनलं तिसरी आन् दोगांनी म्हनलं पाचवी. आता करा बेरीज. पाची जनांचं नंबर मिळवलं, जिची बेरीज कमी ती वर, तर कोन वर? आमची. आमचीच वर! फळ्यावर खडूनं लिवलं, तवा आमची हात वर करून नाचाया लागली. मंग एक जन आला आन् फळा पुसला. का? तर म्हनं बेरीज धरायची न्हाई. तिसरी कोन म्हनून जास्त तोंडं कुनाकडं ते बगायचं. तिगांनी निळीला तिसरी म्हनलं, तर ती तिसरी. तुमच्या पोरीला तिगांनी चौथी म्हनलं, तर ती चौथी. हे तिगं कसं बसलं व्हतं सांगू? मांडीला मांडी लावून. एक दुसऱ्याच्या कागुदात बगत व्हता, म्या ह्या डोळ्यांनी बगितलं. नंबर कशाला मंग देता? जत्रंतल्या कुस्तीत बी पाठ लागली की लागली, तितं कोन म्हनत न्हाई का तिगास्नी लागल्यावानी वाटली न्हाई! तिसरीपतूर चौरंगावर चढवत्यात. तिसरीच्या गळ्यात बिल्ला, बाजा वाजतो. चौथीला काय? चौथीला तिचा कोट आनून द्यायचा. तो म्या आनून दिला.

— बोलू द्या म्हनताय? थांबा हो. येवडं ऐकलंत, थोडक्यासाटी काय? आता तर खरं सांगती.

त्या शर्यतीच्या आदी सा दिस भोरावरनं तार आली. कोंडिबाची. पासलीवरनं चालत आला तो भोराला, तारबाबूच्या पाया पडून इंग्रजीत लिवून घेतली. येल्ह्याचा चिमाजी, बायकू मेलेला, चाळिशीतला, घरचं चांगलं, चंद्रीला मागतो. माघातच लगीन पायजे. हो का न्हाई, आट दिसांत कळव. येवडंच. ती तार हाटेलातल्या मानसानं दिली कुनाच्या हातात? मिशीबाबाच्या. पंदरा वर्सांची घोडी. तिनं फोडली, वाचली, आन् ठिवली लपवून. आईला न्हाई सांगितलं, बापाला न्हाई. का म्हनून? तर म्हनं, ‘आया, तुला कळलं असतं तर तू रडली असतीस, आजारी पडली असतीस, मंग कठड्याशी कोन हुबं ऱ्हायलं असतं?’ अशी म्हनली मला. निकाल लागला, दोन दिस खोलीची कडी लावून रडली, आन् मंग परतीच्या आगगाडीत माज्या हातात तो कागुद दिला. नववा दिस व्हता तो. म्या पुढल्या टेसनात सायबाकडनं तार करवली — न्हाई म्हनून. न्हाई, न्हाई, दोनदा लिवा म्हनलं. ती भोरात पोचली तवा चंद्रीच्या डोक्यावर अक्षता पडल्या व्हत्या. हळद बी उतरली नसंल. बारा वर्सांची पोर, आन् दादला माज्यापक्षी थोरला. आन् कशापाई? चौथ्या नंबरापाई! पयली आली असती तर एक येळ... न्हाई, तरी बी न्हाई. पर चौथी! चौथ्या नंबरावर माजी पोर ववाळून टाकली त्या मिशीबाबानं. आता बोला, अशा बाईला भेटाया म्या भोराला यू?

चिमाजी वाईट न्हाई. म्हातारा हाय, येवडंच. मारत न्हाई, दारू न्हाई. चंद्रीला त्याच्या पयल्या बायकूची दोन पोरं आयती मिळाली, एक तर तिच्याच वयाचं. म्या विलायतेची नोकरी टाकून वर्सानं परत आली, तडक येल्ह्याला गेली. चंद्री वाफ्यात व्हती, पोटुशी. चिखलाच्या हातानं पदर सावरला आन् म्हनली, ‘आये, मामाची तार पोचली न्हवती का गं?’ म्या म्हनलं, ‘न्हाई गं बाई, बर्फानं वाटा बंद व्हत्या, लई उशिरा गावली.’ तिनं मान हलवली. ‘मला वाटलंच,’ म्हनली, ‘तू हो म्हनायची न्हाईस.’ झालं. तवापासनं दर दिवाळीला येती, नाचनीचं पीट आनती, माजं डोस्कं इचरती. तिला कुनी सांगितलं न्हाई मिशीबाबाचं. कशाला सांगायचं? सांगून काय अक्षता परत गोळा हुनार हायत्या? आन् सांगाया गेलं की समदंच निगतं. पोरगी इचारनार, ‘आये, तुला कवा कळलं?’ आन् म्या —

काय? न्हाई हो. कळलं ते आगगाडीतच. सांगितलं ना. नवव्या दिशी. त्या शर्यतीच्या पयल्या दिशी सकाळी पिशवीतनं बूट काडताना कागुद हाताला लागला व्हता, पर तो कुठला कागुद, मला काय वाचता येतंय? कागुद काय, हाटेलात सतरा कागुद असत्यात. तारंचा कागुद येगळा असतो म्हना, सायबाच्या टेबलावर धा बगितलेल्या, त्या भिंगाच्या दगडाखाली ठिवलेल्या असायच्या. पोरीच्या बुटात कशाला — पोरीला कोन तार करनार? आसं मनात आलं. नुसतं आलं. म्या म्हनलं, ‘बाबा, ह्ये काय?’ ती पांढरी पडली, बर्फावानी. म्या म्हनलं, ‘माजी हाय का?’ तिनं माजा हात धरला आन् म्हनली, ‘उद्या वाचू, आया. उद्या सपलं की वाचू.’ बाहेर तिचं नाव पुकारत व्हते. आन् म्या —

असं बगू नगा माज्याकडं. तुमी आसता तितं तर काय केलं आसतं? धा वर्सं न्हाऊ घातलेली, भरवलेली. तिचं नाव पुकारत व्हते, भोंग्यातनं, समद्या डोंगरांत घुमत व्हतं. सात देशांच्या पोरीत ती माजी. म्या म्हनलं, बरं. म्हनलं, कर पाय म्होरं. आन् बुटाचं बंद बांदलं, घट्ट, दोन गाठी. आन् जाऊन कठड्याशी हुबी ऱ्हायली. तिनं मागं वळून बगितलं, म्या मान हलवली. दोन दिस हातात व्हते तवा. दोन दिस! त्याच सांजेला इचारलं आसतं तरी चाललं आसतं. दुसऱ्या दिशी निकालाच्या टायमाला म्या फळ्याकडं बगत व्हती, कागुदाकडं न्हाई. निळीचं नाव वर गेलं तवा मला जेवडं लागलं, तेवडं चंद्रीच्या तारंनं बी लागलं न्हाई. हे खरं हाय. आता हे कुनाला सांगायचं? तुमास्नी सांगितलं, तुमी कचेरीतलं मानूस, तुमी इसरून जाल. पर चंद्रीच्या कानावर ह्यातला एक सबुद गेला न्हाई पायजे. तिला येकच ठावं हाय, बर्फानं वाटा बंद व्हत्या. मरताना बी तेच सांगनार म्या. आन् त्या मडमेला म्हनावं, जा बाई तुज्या देशाला. माफी नगं, भेट नगं, काय नगं. उठा आता, ऊन कललं.

— काय म्हनताय? कवाचं काय सांगायचं ऱ्हायलंय? सांगा की मंग, तोंड कुनी धरलंय तुमचं!

काय?

पुन्यांदा बोला. काल? पुन्यावरनं येताना? नसरापूरच्या फाट्याला जीपगाडी तिकडं वळवली — येल्ह्याकडं? चिमाजीचं घर कुनी दावलं तिला? तारंतलं नाव ध्यानात ठिवलं व्हतं म्हना. अकरा वर्सं. आन् मंग? चंद्रीशी बोलली? काय बोलली? घरात बसून, दोगीच? तुमी भाईर व्हता. बोलाया मदी मानूस तरी कशाला लागंल, म्याच शिकवलंय तिला बोलाया. लई येळ? किती येळ? दिवा लागंपतूर —

समदं सांगितलं आसंल. तिच्या पोटात काय ऱ्हात न्हाई, ल्हानपनापासनं. स्वताचं सांगताना माजं बी सांगितलं आसंल. म्या इचारलं व्हतं ते. बरं म्हनलं ते.

चंद्री काय म्हनली? भाईर आली तवा? रडली? वरडली? — तोंड धुतलं. पोरांस्नी सासऱ्याकडं ठिवलं, पदर घेतला आन् गाडीत बसली. कुनाच्या गाडीत? तिच्या? आन् आता कुठं हाय?

भोरात. त्याच बंगल्यावर. दोगी बी. आन् बोलावतंय कोन मला — मडम का चंद्री? निरोप कुनाचा हाय ह्यो? मगापासनं तुमी —

चंद्रीचा.

आदी का न्हाई सांगितलंत? म्या बोलू दिलं न्हाई. खरं हाय. म्या कुनाला बोलू दिती.

न्हाई, पानी नगं. बसा न्हवं, उठा. भात ऱ्हाऊ दे, कोंबड्या खातील तर खाऊ दे. येती म्हनावं. हातपाय धुती, लुगडं बदलती आन् येती. तुमी व्हा म्होरं. न्हाई, संगं नगं. माज्यासंगं चालू नगा, उपेंद्रराव. जावा म्हनलं ना. वाट म्हाईत हाय मला.